मागचा ब्रेक आणि गिअरचं पॅडल आपल्या पायाला कसं सेट करायचं

मागच्या महिन्यात चेन टाइट करून आणली आणि त्याच दिवशी कात्रजच्या जुन्या घाटात गाडी अशी रडायला लागली की वाटलं क्लच गेला. थांबून मागच्या ड्रमवर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र आवाज, तव्यावर टाकल्यासारखा. झालं असं की चेन टाइट करताना मागचं चाक मागे सरकतं पण पॅडलपासून ड्रमपर्यंत जाणारा ब्रेकचा रॉड तेवढाच राहतो, मग पॅडलचा प्ले, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल, संपतो आणि ब्रेक धरून राहतो. गॅरेजवाल्याने रॉडच्या मागच्या टोकाचा नट ढिला केलाच नव्हता. तेव्हापासून हे काम मी घरीच करतो, दहा मिनिटांचं तर आहे.

मी सांगतोय ते स्प्लेंडर, शाइन असल्या ड्रम ब्रेकवाल्या गाड्यांचं. पाने दोनच लागतात, बहुतेक गाड्यांना 14 चा आणि 10 चा.

आधी गाडी मेन स्टँडवर लावा आणि रोज जे घालता तेच बूट किंवा चप्पल घालून सीटवर बसा, हे महत्त्वाचं आहे कारण सेफ्टी शूजवाल्याचं सेटिंग चपलेवाल्याला कधीच बसत नाही. उजवा पाय फूटरेस्टवर नेहमीसारखा ठेवा. ब्रेक मारायला अख्खा पाय उचलावा लागत असेल तर पॅडल उंच आहे, आणि घोटा ताणून पंजा खाली न्यावा लागत असेल तर खाली आहे. पॅडल जिथे येऊन टेकतं तिथे लॉकनटवाला बोल्ट असेल तर उंची त्याने बदलते. नसेल तर उंची फिक्स, मग मागचा नट ढिला करून पॅडल खाली जाईल या आशेवर राहू नका, त्याने फक्त प्ले वाढतो. गाडी कधी उजवीकडे पडली असेल तर पॅडल वाकलंय का तेही बघा, माझ्या एका मित्राने वर्षभर पाय दुखतो म्हणून तीन जोड बूट बदलले आणि निघालं वाकडं पॅडल.

उंची झाली की मगच प्ले, उलटं केलं तर परत करावं लागतं. पॅडल हाताने दाबा, ब्रेक लागायच्या आधी टोक साधारण 20 ते 30 मिमी खाली गेलं पाहिजे. रॉडच्या मागच्या टोकाचा नट आवळला की प्ले कमी, सोडला की जास्त. अर्धा अर्धा फेरा फिरवा आणि दरवेळी चाक हाताने फिरवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे. नटाला एका बाजूला अर्धगोल खाच असते ती आर्ममधल्या (रॉड ज्याला ओढतो त्या ड्रमवरच्या दांडीतल्या) पिनेवर नीट बसली पाहिजे, नाहीतर आज सेट केलेला ब्रेक पुढच्या चौकात ढिला. आर्मवर बाणाची खूण असते, पॅडल पूर्ण दाबल्यावर तो बाण ड्रमच्या प्लेटवरच्या खुणेला आला तर लायनर (आत घासून चाक थांबवणारे पट्टे) संपले, मग नट आवळत बसू नका, बदला.

2019 नंतरच्या 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना बहुतेक सीबीएस असतं, म्हणजे पॅडल दाबलं की पुढचाही थोडा लागतो, पुढच्या ब्रेककडे जाणारी ती केबल आपण छेडायची नाही. मागे डिस्क असेल तर मास्टर सिलेंडरच्या (पॅडलने ब्रेक ऑइल दाबणाऱ्या भागाच्या) पुशरॉडलाही हात लावू नका, चुकून प्ले गेला तर डिस्क गरम होऊन चाक जाम होऊ शकतं.

ब्रेक लाइटचा स्विच विसरू नका. त्याची बॉडी हातात घट्ट धरून फक्त नट फिरवायचा, बॉडी फिरली की वायरी पिळतात. ब्रेक लागायला लागतो तेव्हाच लाइट लागला पाहिजे, नाहीतर मागचा माणूस दिवसभर तुमचा लाल दिवा बघत राहणार.

आता डावीकडे. गिअर पॅडलचा 10 चा बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण काढावा लागतो कारण बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो. काढायच्या आधी मार्करने शाफ्ट आणि पॅडलवर एक रेघ मारा. मग पॅडल बाहेर ओढून शाफ्टच्या दातांवर एकच दात सरकवून बसवा, जास्त नाही. टाच-पंजावाल्या पॅडलचं पंजाकडचं टोक वर गेलं की टाचेकडचं टोक आपोआप खाली येतं आणि फूटरेस्टला टेकलं तर गिअर अर्धवट पडतात, मी एकदा असंच करून दोन दिवस गिअरबॉक्सला शिव्या घातल्या. बोल्ट परत घट्ट करा, सगळे गिअर टाकून बघा, आणि पहिली चक्कर सोसायटीच्या आतच, हळू, दोन-तीनदा ब्रेक मारत.