स्टेनलेस गरम ठोकायच्या आधी टेस्ट सर्टिफिकेट कसं वाचायचं

३०४ हा स्टेनलेसचा एक ग्रेड, पण ३०४ म्हणजे ३०४ असं धरून भट्टी लावू नका. एकाच ग्रेडच्या दोन हीट (म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेला माल), एक बिलेट (ठोकायचा ठोकळा) मस्त दबतो आणि दुसऱ्याच्या कडेला चिरा, आणि सर्टिफिकेटवर, म्हणजे घटकांचे टक्के लिहिलेल्या कागदावर, दोन्ही पास!

या स्टेनलेसचा मुख्य भाग ऑस्टेनाइट, आणि त्यात अधेमधे राहणारं वेगळ्या रचनेचं रूप म्हणजे डेल्टा फेराइट. सगळ्यात आधी हे फेराइट किती येऊ शकतं ते बघायचं. क्रोमियम, मॉली (मॉलिब्डेनम), सिलिकॉन, निओबियम फेराइटकडे ओढतात. निकेल, मँगनीज, कार्बन, नायट्रोजन ऑस्टेनाइटकडे. फेराइटचा अंदाज देणारा शेफलरचा हिशोब सोपाय: क्रोमियम, मॉली, दीडपट सिलिकॉन आणि अर्धं निओबियम यांची एक बेरीज, निकेल, ३० पट कार्बन आणि अर्धं मँगनीज यांची दुसरी. समजा दोन्ही हीटमध्ये टक्के असे: क्रोमियम १८.१, सिलिकॉन ०.४, मँगनीज १.४, म्हणजे पहिली बेरीज दोघांची १८.७. आता एका हीटमध्ये निकेल ८.१ नि कार्बन ०.०२, तर दुसरी बेरीज ९.४, दुसऱ्या हीटमध्ये निकेल ९ नि कार्बन ०.०५, तर ११.२. पहिल्या बेरजेला दुसरीने भागलं तर गुणोत्तर पहिल्या हीटचं जवळपास २, दुसऱ्या हीटचं १.६७. पहिल्या हीटमध्ये फेराइट जास्त राहणार. (निकेल महाग, त्यामुळे ८ च्या काठावरच्या हीट भरपूर दिसतात.) हा हिशोब मुळात वेल्डसाठीचा आहे, त्यातून नेमका टक्का काढत बसू नका, तुलनेपुरता वापरा.

फेराइटचा त्रास असा की तापलेलं असताना ते ऑस्टेनाइटपेक्षा मऊ असतं, सगळी ओढाताण त्याच्यातच जमते आणि दोघांच्या सीमेवर फट पडते. मग लोक काय करतात तर तापमान अजून वाढवतात, आणि इथेच फसतात, कारण १२०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की अशा हीटमध्ये फेराइट उलट वाढायला लागतं. त्यापेक्षा थोडं खाली ठेवून सोकिंगला (भट्टीत त्याच तापमानावर धरून ठेवायला) जास्त वेळ द्या, ओतकामातलं फेराइट बरंचसं विरतं.

आता ग्रेन, म्हणजे धातूचे आतले दाणे. ठोकताना दाण्यांच्या रचनेत पडणारे दोष म्हणजे डिसलोकेशन, ती ऑस्टेनाइटमध्ये सहजासहजी मोकळी होत नाहीत, साठत जातात, आणि पुरेशी साठली की जुन्या ग्रेनच्या कडेला बारीक नवे ग्रेन माळेसारखे उगवतात. मॉली याला ब्रेक लावतं, म्हणून मॉली असलेल्या ३१६ ला ३०४ पेक्षा प्रेसचा जोर जास्त लागतो आणि फिनिशिंग तापमान (ठोकणं संपतानाचं) घसरू देऊन चालत नाही. ३४७ मधलं निओबियम त्याहून हट्टी, तापमान उतरलं की त्याचे बारीक कार्बाइड (कार्बनबरोबरची संयुगं) ग्रेन बाउंड्री, म्हणजे दाण्यांच्या कडा, धरून ठेवतात आणि ग्रेन नुसते चपटे होत जातात. तिथे शेवटचे हलके फटके मारण्यापेक्षा परत तापवलेलं बरं.

गंधक जास्त असलेला ३०३ वेगळंच प्रकरण, त्याला छोटे रिडक्शन द्या, म्हणजे एका वेळी थोडंच दाबा.

तपासायचं असेल तर ठोकल्या ठोकल्या तुकडा पाण्यात टाका, नाहीतर गरम पडल्या पडल्या ग्रेन बदलतात आणि तुम्ही भलतंच बघत बसता. पॉलिश करून १० टक्के ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये करंट देऊन एच करा (पृष्ठभाग हलका खाऊ द्या, म्हणजे दाणे दिसतात). लांबट जुन्या ग्रेनभोवती बारीक दाण्यांची माळ दिसली तर काम अर्धवट झालंय, दाब नाहीतर तापमान कमी पडलं. फेराइट चुंबकाला चिकटतं, त्यामुळे चुंबक लावून त्याचा अंदाज येतो, फक्त थंड कातरलेल्या टोकाला लावू नका, तिथे ३०४ मध्ये मार्टेन्साइट (थंड ताणाने होणारं चुंबकीय रूप) तयार होतं आणि चुंबक उगाचच चिकटतं.