पावसाळ्यात मुंडगोड: काय खायचं, काय आणायचं

दिवाळी झाली की आपल्याकडे तिबेटी मंडळी स्वेटर विकायला येतात, आणि आपल्याला वाटतं यांच्या गावी जायचं तर थंडीतच जावं. मी म्हणते, पावसाळ्यात जा. कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतली कितीतरी माणसं थंडीत याच धंद्यासाठी बाहेरगावी असतात. पावसाळ्यात ती शेतीच्या कामाला घरी असतात, पर्यटक कमी, दुकानदाराला बोलायला सवड.

मिरजेहून रेल्वेनं हुबळी गाठा, तिथून शिरसी रस्त्यावरची मुंडगोडची बस. वसाहत गावाबाहेर आहे, १९६६ मध्ये वसलेली. रिक्षावाल्याला कँपचा नंबर सांगावा लागतो: गांदेन मठ लामा कँप एक नंबरात, द्रेपुंग मठ लामा कँप दोन नंबरात. आपल्याला परवाना लागत नाही, पण सोबत परदेशी पाहुणा असेल तर त्याचा आधी काढावा लागतो.

भर पावसात पोचलात तर पहिलं थेन्थुक मागा. कणकेचे हातानं तोडलेले चपटे तुकडे, भाज्या आणि भरपूर गरम रस्सा. थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, सगळीकडे मिळतो, तो नंतर खा. टिंगमो म्हणजे वाफवलेला, पदर सुटणारा पाव. तो नुसता कोरडा लागतो, बरोबर रस्साभाजी आणि सेपेन, म्हणजे लाल मिरचीची चटणी, घ्या. आपल्या तिखट जिभेला सेपेन लगेच आवडते. शाकाहारी असाल तर मोमो आणि शाफाले (सारण भरून तळलेली पोळी) मागवताना आत काय आहे ते आधी विचारा; शाफालेत बहुतेक वेळा मांसच असतं. लोण्याचा चहा खारट असतो, तेव्हा चहा म्हणून न पिता सूप म्हणून प्या. कुणाच्या घरी प्यालात तर पेला रिकामा होताच पुन्हा भरतात. नको असेल तर भरलेला तसाच ठेवा आणि उठताना संपवा.

आता खरेदी. माझं माहेर मिरजेत, सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत, त्यामुळे नाद करणारा वाडगा घ्यायचा तर मी डोळ्यांवर नाही, कानांवर विसंबते. वाडगा तळहातावर सपाट ठेवा, बोटांनी धरू नका. कापड गुंडाळलेल्या दांड्यानं कडेवर बाहेरून हलकं टिपा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत कुणाशी बोलू नका. आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लांब हवी. हातानं ठोकलेल्या वाडग्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून त्यातून दोन अगदी जवळचे स्वर निघतात आणि आवाज सावकाश हेलकावत राहतो. तंबोऱ्याची जोडीची तार किंचित उतरली की असाच हेलकावा येतो. तंबोऱ्यात तो घालवायचा, इथे तोच हवा. मध्येच खरखर ऐकू आली तर कुठेतरी चीर आहे. वाडगा परत ठेवा. वाडगा सात धातूंचा असल्याची गोष्ट ऐकवतील, तिच्यासाठी जादा पैसे देऊ नका. चांगला वाडगा काशाचा असतो, म्हणजे तांबं आणि कथील. आपल्या घरातल्या पाय घासायच्या वाटीचाच धातू तो. यातले बरेच वाडगे नेपाळात बनतात, हेही दुकानदाराला मोकळेपणानं विचारा. प्रामाणिक दुकानदार सांगतो.

थांगका, म्हणजे कापडावरचं बौद्ध धार्मिक चित्र, घेताना भिंग बरोबर ठेवा. छापील चित्रात रंगाचे बारीक ठिपके दिसतात, हातानं रंगवलेल्यात कुंचल्याच्या रेघा. हातच्या थांगक्याला महिनेच्या महिने लागतात, म्हणून तिथे घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. परवडत नसेल तर छापील घ्या, पण छापील म्हणूनच घ्या.

प्रार्थनेच्या पताका स्वस्त आणि हलक्या. निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा हाच क्रम असतो: आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. त्यांवर मंत्र छापलेले असतात, तेव्हा त्या जमिनीवर टाकू नका, पायपुसण्याजवळ तर नाहीच. वाऱ्यावर बांधा. तिबेटी धुपात बांबूची काडी नसते, त्यामुळे तो पिशवीत पटकन मोडतो. कडक डब्यात घाला.

पावसाळ्यात परतीचं सामान भरणं हेच खरं काम. छुर्पी, म्हणजे दगडासारखं वाळवलेलं चीज, प्रवासात टिकतं. चांपा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, त्याला दमट हवा चालत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरूनच न्या. थांगका नळीत गुंडाळून आणा, घरी पोचल्यावर त्याच दिवशी उलगडा आणि उन्हात न धरता पंख्याखाली सुकू द्या.