गीझरवर २००० वॅट लिहिलंय, पण घरी खरे किती मिळतात?

जानेवारीत आपल्या ग्वाल्हेरला, त्यातून लष्कर भागातल्या जुन्या घरांत, तक्रार ठरलेली: गीझर लावून कधीचा झालाय आणि पाणी अजून कोमटच. लगेच कॉइल गेली म्हणून मेकॅनिकला फोन करू नका, आधी व्होल्टेज आणि करंट मोजा, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

व्होल्टेजसाठी मल्टिमीटर एसी व्होल्टवर, २५० च्या वरच्या रेंजला. करंटसाठी क्लॅम्प मीटर घ्या, साधा मल्टिमीटर अँपिअरवर लावून सॉकेटमध्ये पिना घातल्या तर सरळ शॉर्ट होतो, ते करूच नका. क्लॅम्प एकाच वायरभोवती घालायचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडले तर रीडिंग शून्य येतं आणि माणूस म्हणतो मीटरच खराब आहे. ही वायर एमसीबीच्या (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) डब्यात सुटी मिळते, पण तिथे चालू लाइन असते, सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनलाच मोजायला सांगा.

समजा गीझर चालू असताना २०५ व्होल्ट आणि ७.७ अँपिअर आले.
रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) = व्होल्ट भागिले अँपिअर, २०५ ÷ ७.७ = २६.६ ओहम
पॉवर = व्होल्ट गुणिले अँपिअर, २०५ × ७.७ = साधारण १५८० वॅट

म्हणजे २००० चे १५८० च मिळतायत, मग कॉइल बिघडली का? तर नाही. लेबलवरचे २००० वॅट २३० व्होल्टला असतात, त्यावरून कॉइलचा रेझिस्टन्स काढा: २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. आपला २६.६, म्हणजे कॉइल ठणठणीत. हीटरच्या कॉइलचा रेझिस्टन्स फारसा हलत नाही, व्होल्टेज पडलं की पॉवर मात्र वर्गाच्या हिशोबाने पडते, म्हणून व्होल्टेज ११ टक्के कमी झालं तर पॉवर २१ टक्के गेली. १५ लिटर पाणी १० डिग्रीवरून ५० वर न्यायला २००० वॅटला २१ मिनिटं लागतात, १५८० ला साडेसव्वीस, तेही टाकीतून जाणारी उष्णता धरली नाही तर.

आता खरी मजा. गीझर बंद करून त्याच सॉकेटवर व्होल्टेज बघा. समजा २२२ आलं. चालू केल्यावर २०५, म्हणजे १७ व्होल्ट वाटेतच गेले. १७ ÷ ७.७ = २.२ ओहम हा वाटेतल्या वायरींचा आणि जोडांचा रेझिस्टन्स, आणि १७ × ७.७ = १३१ वॅट तिथे फुकट तापतायत, बिलात मात्र त्यातले मीटरच्या पुढचे, म्हणजे घरातले तेवढे येणार. हेच चालू-बंद रीडिंग मेन एमसीबीवर घ्या. तिथेही १७ च्या आसपास पडत असेल तर लाइन बाहेरूनच कमजोर आहे, बिजलीवाल्यांकडे तक्रार करा. तिथे दोन-तीनच पडले तर गडबड घरात, बहुतेक वेळा सॉकेटच्या मागचा ढिला स्क्रू किंवा १६ अँपिअरच्या सॉकेटला लावलेली बारीक वायर. मेन बंद करून सॉकेट उघडा, काळपट दिसला तर बदलूनच टाका.

हां, पंखा, फ्रिज, मिक्सरला हा हिशोब लावू नका, मोटरमध्ये व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तर आकडा खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतो, कारण मध्ये पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे व्होल्टेज आणि करंट एका तालात चालत नाहीत. आणि पिवळ्या फिलामेंटचा १०० वॅटचा बल्ब मीटरने ओहमवर मोजलात तर घाबरू नका, जळताना त्याचा रेझिस्टन्स ५२९ ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दाखवतो.