पेपरच्या सकाळी पोट दुखतं तेव्हा काय करायचं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलात विज्ञान शिकवते. आमच्याकडे कोणतंही पोरगं ‘मॅडम, मला ताण आलाय’ म्हणत येत नाही. ‘पोटात गोया येऊन राह्यला’, ‘डोक्सं ठणकते’, ‘जीव कसातरी करते’ असं म्हणत येतं. जानेवारीत दहावीची सराव परीक्षा लागली की या तक्रारी वाढतात. घरचे मग एकतर ओवा चावायला देतात, नाहीतर ‘नाटकं करू नको’ म्हणतात.

नाटक नसतं ते. भीती वाटली की मेंदू मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो. अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, छातीचे ठोके वाढतात, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पोटाचं काम मंदावतं. म्हणून पोट आवळतं, घास उतरत नाही, तळहात घामेजून गार पडतात. काहींना पेपरच्या सकाळी सारखं संडासला पळावं लागतं. भीती आठवडेच्या आठवडे टिकली की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक चढं राहतं, झोप मोडते. ‘घरी सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही’ ही तक्रारही खरी असते, त्यावर चिडू नका.

पण प्रत्येक पोटदुखी ताणाची मानून मोकळं होऊ नका. विदर्भात तर मुळीच नाही. आपल्याकडे सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. सांधे, हाडं, पोट, छाती यांत कळा येत असतील तर पहिला प्रश्न हाच, की सिकलसेलची तपासणी झाली का? आजार असलेल्या मुलाला कमी पाणी, थंडी, अतिश्रम आणि ताण यांनीही कळा येऊ शकतात, म्हणून त्याची पाण्याची बाटली वर्गात बाकावरच राहू द्या. मुलींना धाप लागते, छाती धडधडते, तेव्हा हिमोग्लोबिन तपासा. ते 12 च्या खाली असेल तर तिला रक्तक्षय आहे, नुसता धीर देऊन भागणार नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरी दप्तरात लपवतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. ती जेवणानंतर घ्यायला लावा, म्हणजे मळमळ कमी होते. ताप, वारंवार उलटी, घटलेलं वजन, झोपेतून उठवणारं दुखणं यातलं काही असेल तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

हे सगळं नसेल तर वेळ बघा. दुखणं शाळेच्या दिवशी येतं आणि रविवारी गायब होतं का? गणिताच्याच तासाला येतं का? घरात कर्जाचं बोलणं झालं, त्या रात्रीनंतर येतं का? पोरं आडून सगळं ऐकत असतात. मोठ्यांना वाटतं झोपली.

जीव घाबरला की तिथल्या तिथे करायचा उपाय साधा आहे. दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा, चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत हळूहळू सोडा. सोडणं लांब हवं, त्यानेच ठोके उतरतात. तीन-चार मिनिटं पुरेत. मात्र हे पेपरच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही, रोज प्रार्थनेनंतर करवून घ्या.

रात्र जागून, काळा चहा पिऊन अभ्यास करणं बंद. वाचलेलं झोपेत पक्कं होतं. लाईन रात्री येते-जाते, तर वाचन पहाटे ठेवा. आणि संध्याकाळी वेचणीहून आलेल्या पोरीला लगेच पुस्तकावर बसवू नका. आधी भाकर-बेसन खाऊ द्या, थोडं आडवं होऊ द्या.

मुलग्यांचं वेगळं असतं. ते रडत नाहीत, भांडतात, दार आपटतात, मोबाईलमध्ये डोकं घालतात. काही जण खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीला लागतात. ‘टेन्शन कमी होते’ म्हणतात, पण तंबाखूतलं निकोटिन ठोके वाढवतं. तलफ भागते, त्यालाच ते शांतपणा समजतात. अशा पोराला चारचौघांत हटकू नका. बाबांनी शेतात सोबत काम करताना विचारावं, ‘काऊन रे, जेवत नाही बरोबर?’ आणि मग गप्प राहावं. शेजारच्या पोराचे टक्के तर काढूच नयेत.

मूल ‘जगून काय करू’ अशा अर्थाचं काही बोललं, जपलेल्या वस्तू वाटू लागलं, एकदम गप्प झालं, तर ‘मरायचे विचार येतात का?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात घाला आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ ठेवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. घरात बोलायची सोय नसेल तर मुलाला शाळेत आणा, मी स्टाफरूम रिकामी करून देते.