नवव्या बारमध्ये हरवणारा बेस

ए सुरातल्या १२ बारच्या (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक भाग) ब्लूजच्या बॅकिंग ट्रॅकवर, म्हणजे साथीच्या तयार ध्वनिमुद्रणावर, बेस गिटारची उपज करताना नवव्या बारमध्ये ई ७ हा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) आला, की माझी बोटे हमखास आधीच्याच कॉर्डवर रेंगाळत असत. स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर कारण उमगले: ट्रॅकमध्ये आधीच बेस होता आणि मी त्याच्या मागून चालत होतो. म्हणून बेस वगळलेला ट्रॅक घेतला, लय मिनिटाला १०० ठोक्यांवरून ६० वर आणली आणि आठवडाभर प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर केवळ कॉर्डचा मूळ स्वर वाजवला (कंटाळा आला, हे मान्य करतो). त्यानंतर कॉर्ड बदलण्याआधीच्या चौथ्या ठोक्यावर अर्ध्या स्वराने खालचा स्वर, म्हणजे ई पूर्वी डी शार्प, घेऊ लागलो, तेव्हा तो बदल आधीच कानाला जाणवू लागला. दहाव्या बारमधला डी ७ मात्र अजूनही कधीकधी निसटतो.