गोव्यात अतिनील फिल्टरचे स्फटिक वाढवायचे असतील तर

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हा विषय मिळाला की मुलं थेट निकेल सल्फेटची बाटली काढतात. त्यामागचं कारण चुकीचं नाही. सहा पाण्याच्या रेणूंनी वेढलेला निकेलचा आयन लाल आणि जांभळा प्रकाश शोषतो, हिरव्याला वाट देतो आणि 300 नॅनोमीटरखालचा अतिनीलही बऱ्यापैकी सोडतो. ओझोनमुळे 280 नॅनोमीटरच्या खालचा सूर्यप्रकाश जमिनीवर पोचत नाही. त्या पट्ट्यात काही चमकलं, तर ती बहुधा ज्योत. क्षेपणास्त्राची चाहूल घेणारी यंत्रं म्हणूनच तिथे नजर ठेवतात, आणि बाकीचा प्रकाश अडवायला त्यांना असा फिल्टर लागतो.

तरी गोव्यात सुरुवात शुद्ध निकेल सल्फेटने करू नका, असं मी सांगेन. पाण्यातून साधारण 31.5 अंश सेल्सिअसच्या खाली हेप्टाहायड्रेटचे (पाण्याचे सात रेणू धरलेले) स्फटिक बसतात, वर हेक्साहायड्रेटचे (सहा रेणूंचे). ताळगाव पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, दुपारी एसी बंद असला की खोलीचं तापमान नेमकं याच आकड्याभोवती घुटमळतं. मग बीकरात काय बसलं, ते दिसण्यावरून ठरवणं कठीण. शिवाय हेप्टाहायड्रेट कोरड्या हवेत पाणी सोडतं आणि पांढुरकं पडतं.

त्यापेक्षा पोटॅशियम निकेल सल्फेट घ्या. हा टटन क्षार (दोन धातूंचं सल्फेट एकत्र असलेला क्षार), हेक्साहायड्रेट म्हणूनच बसतो आणि निकेल सल्फेटपेक्षा जास्त उष्णताही सोसतो. पोटॅशियम सल्फेट आणि निकेल सल्फेट समान मोल प्रमाणात, डीआयोनाइज्ड पाण्यात, कोमट करून विरघळवा, गाळा, भोकं पाडलेल्या प्लास्टिकने झाका आणि पाणी सावकाश उडू द्या. ग्लोव्हज हवेतच, निकेल कर्करोगकारक आहे. उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही.

जून ते सप्टेंबर बाष्पीभवनाच्या नादी लागू नका. हवाच इतकी दमट असते की पातळी उतरत नाही, उतरली तरी बुरशी आधी येते. त्या महिन्यांत वॉटर बाथमध्ये सावकाश थंड करण्याची पद्धत बरी, पण यूपीएस असेल तरच. लाइट गेली की बाथ झपाट्याने निवतो आणि तळाला बारीक कणांचा थर बसतो. परत आली की हीटर चालू होऊन बीजाचे, म्हणजे वाढवायला टांगलेल्या छोट्या स्फटिकाचे, कोपरे विरघळतात. बीज टांगायला म्हापशाच्या बाजारात मिळणारी मासेमारीची बारीक नायलॉन तंगूस उत्तम, सुती दोऱ्यावर नको तिथे कण धरतात.

तपासणीत आधी पावडर एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखणं), मग टीजीए (तापवत नेऊन वजनातली घट मोजणं). सहाही पाणी गेल्यावर वजन 24.7 टक्के घटायला हवं. आकडा फार चुकला तर पुढची तपासणी थांबवा. यूव्ही-व्हिजिबलसाठी, म्हणजे कुठला प्रकाश आरपार जातो ते मोजायला, स्फटिकाचा काप ओल्या रेशमी कापडावर घासून पारदर्शक करा आणि काचेच्या स्लाइडवर चिकटवू नका. काच अतिनील स्वतःच खाते, आणि गाइड विचारतात की स्फटिक अपारदर्शक कसा निघाला.

नोकरीचं म्हणाल तर संरक्षण क्षेत्रात जागा मोजक्या. वेर्णा आणि कुंडईच्या औषध कंपन्यांत मात्र रोजचा प्रश्न हाच असतो: गोळीतला पदार्थ कुठल्या स्फटिकरूपात आहे, त्यात पाणी किती. मुलाखतीत तुमचा टीजीएचा आलेख सोबत न्या.