एमएमएस, पीजीडीएम, एमएफएम: फॉर्म भरण्याआधी या चुका टाळा

एमबीएच्या सीईटीचा निकाल लागला की तोच प्रश्न सुरू होतो: "सध्या कशाला स्कोप आहे?" विचारणाऱ्याला कोर्सचं नाव हवं असतं. रोज कोणतं काम करायला आवडेल, हे विचारलं की गप्प.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे नावावर भाळणं. दर हंगामात दिसणारं उदाहरण घ्या. मुलगा बी.ई. मेकॅनिकल, तळोज्याच्या कारखान्यात दोन वर्षं प्रॉडक्शनला. 'बिझनेस ॲनॅलिटिक्स' हे नाव वाचून प्रवेश घेतो. चार सेमिस्टरांत ॲनॅलिटिक्सचे पेपर जेमतेम तीन, तेही पीपीटीवर. कॅम्पसला कंपनी येते आणि पहिल्याच फेरीत एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेची, टेस्ट ठेवते. दोन टेबलं जोडून उत्तर काढायचं असतं, पठ्ठ्याची धाव एक्सेलच्या पिव्होटपर्यंत. शेवटी लोन विकायची नोकरी पत्करतो. ऑपरेशन्स किंवा सप्लाय चेन घेतलं असतं तर शॉपफ्लोअरची तीच दोन वर्षं मुलाखतीत कामी आली असती. पवईची 'निटी' ही संस्था २०२३ साली आयआयएम मुंबई झाली, पण तिची मूळ ओळख इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्सचीच. अशा मुलांनी निदान तिकडे नजर तरी टाकावी.

माझी पद्धत जुनाट आहे. माहितीपत्रक बाजूला ठेवायचं. हव्या त्या पदाच्या, शून्य ते दोन वर्षं अनुभव मागणाऱ्या वीस जाहिराती काढायच्या आणि प्रत्येकीत मागितलेलं कौशल्य वहीत उतरवायचं. दहापेक्षा जास्त जाहिरातींत आलेल्या गोष्टींखाली रेघ मारायची. मग कॉलेजचा तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून त्यातल्या किती गोष्टी शिकवतात ते मोजायचं. निम्म्याही नसतील तर कोर्स बदला. दोन संध्याकाळींचं काम आहे. लाखांत फी भरणाऱ्याला तेवढाही धीर नसेल तर बोलणंच खुंटलं.

दुसरा घोळ एमएमएस आणि पीजीडीएमचा. एमएमएस ही मुंबई विद्यापीठाची पदवी, दर्जाने एमबीएच. पीजीडीएम हा डिप्लोमा. संस्था एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता घेऊन तो स्वतः देते. खासगी कंपन्यांना सहसा फरक पडत नाही. पण पुढे पीएच.डी. किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल तर त्या कोर्सला एआययूची (भारतीय विद्यापीठ संघाची) समकक्षता, म्हणजे पदवीच्या बरोबरीचा दर्जा, आहे का, ते फी भरण्याआधी पाहा. काउंटरवरच्या "हो हो, आहे ना" वर जाऊ नका, कागद मागा.

नोकरी सोडण्याची घाईही अशीच. बँकेत किंवा एचआरमध्ये आधीच असाल आणि त्याच वाटेने वर जायचं असेल, तर मुंबई विद्यापीठाचे तीन वर्षांचे अर्धवेळ एमएफएम (फायनान्स), एमएमएम (मार्केटिंग), एमएचआरडीएम (एचआर) हे कोर्स आहेत. पगार चालू राहतो. मात्र क्षेत्रच बदलायचं असेल तर पूर्णवेळच करा, कारण समर इंटर्नशिपशिवाय नव्या क्षेत्रात दार उघडणं अवघड. ऑफिस बीकेसीत, कॉलेज चर्चगेटला आणि घर विरारला असेल तर लोकलचा हिशेबही आधीच करा. दुसऱ्या वर्षी हजेरी कमी पडते ती यामुळेच.

इक्विटी रिसर्चच, म्हणजे शेअर्सचा अभ्यास करायचं कामच, हवं असेल तर सीएफए या गुंतवणूक क्षेत्रातल्या परीक्षेच्या तीन लेव्हल्सचा विचार आधी करा.

सरासरी पॅकेज विचारू नका, मध्यक विचारा, म्हणजे सगळी पॅकेजेस चढत्या क्रमाने लावली की बरोबर मधलं. एका मोठ्या ऑफरने सरासरी फुगते.

कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीच्या विकल्प अर्जात "असू दे" म्हणून कुठलंही कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते. मग पुढच्या फेरीसाठी कितीही हेलपाटे घाला, उपयोग नाही.